उन्हात दिसेल असा लॅपटॉप

कॉलेज रोडवरच्या त्या गारगार दुकानात मालिनीताईंनी लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला आणि सरळ दाराकडे चालायला लागल्या. चार पावलांवर मागची वायर ताणली गेली, कुठेतरी पीं-पीं वाजायला लागलं आणि विक्रेता काउंटरला वळसा घालून धावत आला.

"मॅडम, बाहेर नाही नेता येत."

"पळून नाही चालले. उन्हात कसा दिसतो ते बघायचंय."

"उन्हात?"

"साडी घेताना नाही का दारात नेऊन रंग बघत? तसंच."

"साडीला वायर नसते, मॅडम," तो म्हणाला, आणि लॅपटॉप त्यांच्या हातातून अलगद काढून पुन्हा त्याच्या चकचकीत जागेवर ठेवून आला.

आठवड्यातलं हे चौथं दुकान. चारही ठिकाणी पडद्यावर तीच निळी सरोवरं, तेच पोपटी पोपट. दुकानातल्या दिव्यांखाली सगळेच लॅपटॉप देखणे. मालिनीताईंना सरोवर नको होतं. त्यांना भर दुपारी, रामकुंडाच्या पायऱ्यांवर, मोडीतलं एक अक्षर हाताच्या पंज्याएवढं करून बघायचं होतं. ते सांगितलं की विक्रेते एकमेकांकडे बघत आणि म्हणत, "मुलासाठी हवाय का?"

मुलासाठी नव्हता. नवऱ्यासाठी होता. आणि पितृपक्षाला अठरा दिवस राहिले होते.

शामसुंदर गुरुजी अडतीस वर्षं गंगेवर बसत होते. नाशकात गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. तिथल्या तीर्थोपाध्यायांची गावं वाटून घेतलेली असतात. अमुक गावचा माणूस अस्थी घेऊन किंवा श्राद्धाला आला की तो अमुक गुरुजींकडेच जायचा, कारण त्याच्या बापाचं, आज्याचं, पणज्याचं नाव त्यांच्याच वहीत. गुरुजींच्या घरात अशा एकोणीस वह्या होत्या, लांबट, लाल फडक्यात बांधलेल्या. जुन्या मोडीत, अलीकडच्या देवनागरीत. आलेला यजमान खाली बसला की गुरुजी गाव विचारायचे, वही उघडायचे आणि चार पिढ्या धडाधड वाचून दाखवायचे. आपल्या पणज्याचं नाव परक्या माणसाच्या तोंडून ऐकलं की चांगला दांडगा गडीही क्षणभर गप्प व्हायचा.

गेल्या वर्षापासून गुरुजींच्या नजरेच्या बरोबर मध्यभागी एक करडा ठिपका बसला. कडेचं दिसे, मधलं नाही. डॉक्टर म्हणाले, हा ठिपका जाणार नाही. मोठ्या अक्षरात, चांगल्या उजेडात वाचता येईल. पण वह्यांतली अक्षरं ज्यांनी लिहिली त्यांनी कागद वाचवून लिहिली होती. चैत्रात गुरुजींनी एका माणसाला त्याचा चुलत आजाच सख्खा आजा म्हणून वाचून दाखवला. त्यानं नम्रपणे चूक सांगितली. वैशाखात दुसऱ्यानं वहीच हातातून घेतली आणि म्हणाला, "राहू द्या गुरुजी, मी शोधतो." त्या दिवशी घरी येऊन गुरुजींनी वह्या बांधल्या त्या बांधल्याच.

शेजारीच बैठक असलेला चुलतभाऊ आला आणि म्हणाला, "दादा, सिंहस्थ तोंडावर आलाय. तुझी गावं मी सांभाळतो. तू आराम कर." तो हे मनापासून म्हणाला होता, आणि गुरुजींना तेच जास्त लागलं. त्यांनी एवढंच सांगितलं, "सर्वपित्री अमावस्येपर्यंत थांब. मग काय ते सांगतो."

तेव्हापासून घरात दोन माणसं आणि दोघंही जागेवर नाहीत. गुरुजी ओसरीतून स्वयंपाकघरात, तिथून गच्चीवर. बसले तर उजव्या हाताची तर्जनी अंगठ्यावर फिरत राही, नसलेली पानं उलटत. आणि मालिनीताई त्यांच्या त्या बोटाकडे बघत पोळीचा उंडा तिसऱ्यांदा मळत.

वाट सापडली ती अपघातानंच. गौरांग, त्यांचा मुलगा, पुण्यात कंपनीत. त्यानं दोन दिवाळ्यांच्या सुट्ट्यांत सगळ्या वह्यांचे फोटो काढून ठेवले होते, उगाच, नष्ट होऊ नयेत म्हणून. फोटोंमधले डागही त्यानं कसल्याशा प्रोग्रामनं पुसून टाकले होते, पानं कशी धुतल्यासारखी झाली होती. मालिनीताई बी. ए., भूगोल. मोडी त्यांना येत नव्हती, पण गावांची यादी त्या टाइप करू शकत होत्या. कुठलं गाव, कुठली वही, कितवं पान. श्रावणात एका दुपारी त्यांनी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक पान उघडून मोठं केलं, आणखी मोठं केलं. मागून गुरुजींचा आवाज आला, "खंडेराव वल्द मल्हारजी. थांब, सरकवू नकोस."

त्यांनी पानच्या पान वाचून काढलं. मालिनीताईंनी मान वळवली नाही, कारण मागे वळलं तर गुरुजी थांबतील असं त्यांना वाटलं.

पण यजमान काही घरी येत नाहीत, गंगेवर येतात. आणि तो कॉम्प्युटर टेबलासकट गंगेवर नेणं शक्य नव्हतं.

गौरांगचा फोन रोज येई. "आई, मी पाठवलेल्या लिंका बघितल्यास का? तो चांदीच्या रंगाचा घे. एक किलोसुद्धा नाहीये."

"चकचकीत आहे तो. त्यात मला माझंच तोंड दिसेल. तुझ्या बाबांना माझं तोंड नाही वाचायचंय."

"मग टॅब घे."

"नवं नाव टाइप करायला बटणं लागतात रे मला. आणि तो मांडीवर उभा राहत नाही."

"बरं, मी ऑनलाइन मागवतो, नाही आवडला तर परत करू."

"आधी परत करायचं ठरवूनच कशाला मागवायचा," मालिनीताई म्हणाल्या, आणि फोन ठेवून त्यांनी पिशवीत साखरेच्या एकेक किलोच्या दोन पुड्या घातल्या. खांद्याला लावून सरदार चौकातून उतरून गंगेपर्यंत गेल्या आणि चढून परत आल्या. दोन किलो रोज झेपतात का, ते बघायचं होतं. झेपले. दारात गुरुजी उभेच होते.

"गंगेला साखर वाहायला निघाली होतीस काय?"

"वजन बघत होते."

"कोणाचं?"

"तुमच्या वहीचं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

रविवार कारंज्याजवळच्या बोळात हर्षलचं दुरुस्तीचं दुकान होतं. हर्षल पस्तिशीचा, निफाडकडचा, शेतकऱ्याघरचा. आधी लासलगावात बसायचा, आता इथं. जुने लॅपटॉप दुरुस्त करायचा आणि कंपन्यांतून निघालेले विकायचा. मालिनीताई आत आल्या तेव्हा तो डोळ्याला भिंग लावून काहीतरी डागत होता.

"मला लॅपटॉप घ्यायचाय. पण आधी तुमच्याकडे बिघडून काय काय येतं ते दाखवा."

हर्षलनं भिंग काढलं. "घ्यायचा चांगला, आन् बघायचा बिघडलेला?"

"घर घेताना नळ सोडून बघतातच की."

तो हसला आणि त्यानं मागच्या फळीवरचा पडदा बाजूला केला. वीसेक मेलेले लॅपटॉप पुस्तकांसारखे उभे होते. प्रत्येकावर कागदी पट्टी, पट्टीवर पेननं कारण लिहिलेलं. चहा. चहा. बिजागर. चार्जिंग पिन. बिजागर. नातू.

"नातू म्हणजे?"

"नातू वर हुबा राह्यला."

पुढच्यावर लिहिलं होतं, कांदा. हर्षलनं त्याचं पोट उघडून दाखवलं. आत पंख्याच्या मागे कांद्याची लाल टरफलं गच्च दाबून बसली होती, उशीत कापूस भरावा तशी. "लासलगावच्या व्यापाऱ्याचा हाय. लिलावाला संगं न्यायचा. पंखा हवा ओढतो, हवेसंगं टरफलं. एक दिस लय तापला आन् गेला."

मालिनीताई त्या टरफलांकडे बराच वेळ बघत राहिल्या. "भस्म, तांदळाची पिठी, उदबत्तीची राख, यानंही असंच होईल?"

"कुठं बसणार तुम्ही, काकू?"

त्यांनी सांगितलं. सगळंच सांगितलं, ठिपक्यापासून अमावस्येपर्यंत. हर्षल ऐकत असताना त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर फिरायचा थांबला. मग तो उठला आणि आतून एक काळा, जाडसर, कसलाच तोरा नसलेला लॅपटॉप घेऊन आला. शाळेच्या दप्तरातल्या पाटीसारखा.

"ह्यो एका कंपनीतनं निघाल्याला. तीन वर्षं वापरलाय. त्यांच्या फिरत्या माणसांसाठी केलेला, म्हून जरा जड हाय. बिजागर लोखंडी. झाकण एका कोपऱ्यानं उचलायचं नाय, मधनं उचलायचं, एवढं पाळा. पंख्याची तोंडं कडेला हायत, मांडीवर घेतला तरी बंद होत नायत. दर चार महिन्यांनी माझ्याकडं आणा, साफ करून देतो. बॅटरी नवीन टाकतो. आतली डिस्क फिरणारी नाय, धक्क्याला घाबरत नाय. आन् हे बघा."

त्यानं लॅपटॉप उलटा केला. पोटाला दोन बारीक भोकं होती.

"बटणांवर पाणी सांडलं तर हितनं खाली निघतं."

"म्हणजे पाण्याला भ्यायला नको."

"असं कुठं म्हणलो मी? वाचंलच असं नाय. वेळ मिळतो. तेवढ्यात बंद करायचा, झाकण उघडं ठिवून उलटा धरायचा, तंबूवानी. आन् परत चालू करून बघायचा नाय. कितीबी वाटलं तरी नाय. माझ्याकडं आणायचा."

"तांदळात ठेवायचा ना?"

"काकू, तांदूळ भात करायला."

मालिनीताईंनी पेन ड्राइव्ह पुढे केला. त्यातलं एक मोडीचं पान उघडलं, आणि परवानगी न विचारता लॅपटॉप घेऊन बाहेर आल्या. दुपारचे साडेबारा. बोळाच्या तोंडाशी ऊन नुसतं ओतलं होतं. पडदा चकचकीत नव्हता, पाटीसारखा मंद होता. त्यात त्यांचं तोंड दिसलं नाही, समोरच्या बँडवाल्याची पाटी दिसली नाही. अक्षरं दिसली. पण त्यांच्या डोळ्यांना दिसून काय उपयोग.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्या गुरुजींना घेऊन आल्या. गुरुजी नाइलाजानं आले होते आणि ते सगळ्या रस्त्याला कळावं असं चालत होते. बोळाच्या तोंडाशी लावलेल्या हर्षलच्या स्कूटरच्या सीटवर त्यांना बसवलं, लॅपटॉप मांडीवर दिला. गुरुजींनी मान जराशी तिरकी केली, हल्ली करायचे तशी, ठिपका बाजूला सारायला. अक्षर मोठं केलं. आणखी. बोळात एक हातगाडी आली, थांबली, गाडीवाला ओरडला, "बाबा, गाडी काढा."

"एक मिनिट," गुरुजी म्हणाले आणि वाचतच राहिले. गाडीवाला थोडा वेळ ऐकत थांबला आणि मग स्वतःच गाडी मागे घेऊन दुसरीकडून गेला.

"घ्यायचा?" मालिनीताईंनी विचारलं.

"दिसतं," गुरुजी म्हणाले. "पण लोक काय म्हणतील? वही कुठाय म्हणतील."

"वही शेजारीच असेल."

लॅपटॉप घरापर्यंत गुरुजींनीच उचलून आणला.

पुढचे दिवस मालिनीताईंना बसवेना. गणपती आले, आरत्या झाल्या, गणपती गेले, आणि त्या आरतीतही मनात बॅटरीचे तास मोजत होत्या. जुनी गोधडी उसवून त्यांनी पिशवी शिवली, आतून मऊ, बाहेरून ताडपत्री. पिशवी जरा सैल झाली म्हणून उसवून पुन्हा शिवली. सगळ्या फोटोंची एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक गौरांगकडे. गावांची यादी कागदावर छापून तीही पिशवीत. स्वयंपाकघरातल्या घड्याळावर वेळ लावून गुरुजींना म्हणायच्या, "अहो, एखादं गाव सांगा." गुरुजी मुद्दाम अवघड गाव सांगायचे. आधी चार मिनिटं लागायची, मग दोन, मग पाऊण. पाऊण मिनिटातही त्यांचं समाधान होईना. छत्रीची सावली कुठून कुठे सरकते ते बघायला त्या दोनदा एकट्याच घाटावर जाऊन आल्या. चहाची किटली कुठून येते, पोरं कुठून पळतात, पाऊस आला तर आडोसा कोणता, सगळं बघून ठेवलं. काहीतरी राहिलंय असं वाटायचं. काय ते सापडायचं नाही.

पितृपक्ष लागला. पहिले नऊ दिवस सगळं सुरळीत झालं. जुने यजमान आधी बावरले, मग पुढे सरकून बघायला लागले. एकानं तर पणज्याच्या नावाचा मोबाइलवर फोटो काढून घेतला. गुरुजींचा आवाज हळूहळू मूळ पट्टीत येत होता. शेजारच्या बैठकीवरून चुलतभाऊ कान देऊन ऐकायचा.

दशमीला वैजापूरकडचं एक कुटुंब आलं. गोरक्ष, चाळिशीचा, डोकं भादरलेला, आणि त्याची आई साळूबाई. साळूबाईंचे पती सहादू वर्षापूर्वी गेले होते. आज त्यांचं इथलं पहिलं श्राद्ध होतं. दोघंही कुंडात बुडी मारून थेट आले होते. साळूबाईंच्या लुगड्यातून पाणी निथळत होतं.

मालिनीताईंनी गाव शोधलं, पान उघडलं. गुरुजींनी मान तिरकी करून वाचायला घेतलं. सहादू, त्याचा बाप पुंजा, त्याचा बाप बाळाजी. मग थांबले आणि म्हणाले, "ही नोंद सहादूची स्वतःच्या हातची आहे. एकतीस वर्षांपूर्वीची. वडलांच्या अस्थी घेऊन आला होता. बायकोचं नाव लिहिलंय, साळूबाई. आणि मुलगा गोरक्ष, वय नऊ."

साळूबाई गुडघ्यांवर पुढे सरकल्या.

"कुठं हाय?"

"हे बघा मावशी, इथं खाली, सही," मालिनीताईंनी बोटानं दाखवलं आणि सही मोठी केली. पडदाभर झाली.

"असंच लिव्हायचे," साळूबाई म्हणाल्या. "वर वर चढत जायाचं लिवणं. बांधावर चढल्यावानी. किती येळा सांगितलं मी, सरळ लिव्हा."

"तुला वाचता कुठं येतंय, आई," गोरक्ष म्हणाला.

"वाचाया कशाला येया पायजे? दिसतंय का न्हाई मला?"

आणि मग मालिनीताईंना कळायच्या आत साळूबाईंनी तर्पणाच्या ताम्हनातून ओंजळ भरली. पाणी, काळे तीळ, झेंडूच्या पाकळ्या. सहादूचं नाव समोर होतं. नावाच्या पायाशी जी जागा होती तिथं, म्हणजे बटणांवर, त्यांनी ओंजळ रिकामी केली. मग दोन्ही हातांनी लॅपटॉप धरला आणि कपाळ पडद्याला टेकवलं. केसांतलं पाणी ओघळत राहिलं.

मालिनीताईंचा हात पुढे गेला आणि अर्ध्यावर थांबला.

चहा, पाऊस, राख, पोरं, सगळं विचारून झालं होतं. हे नव्हतं विचारलं. आणि एकाएकी त्यांना वह्यांचे डाग आठवले. प्रत्येक पानावरचे ते पिवळट गोल, कुंकवाचे ठसे, तेलकट बोटं. तीस वर्षं त्यांनी त्या वह्या उन्हात घातल्या होत्या, झटकल्या होत्या, आणि डाग म्हणजे जुनेपणा एवढंच समजल्या होत्या. एवढी डोळस बाई, पण ती माणसांची कपाळं होती हे दिसलं नव्हतं. गौरांगनं फोटोंतून नेमकं तेच पुसलं होतं.

वेळ मिळतो, हर्षल म्हणाला होता. किती, ते त्यांनी विचारलं नव्हतं. साळूबाईंचे डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते. मालिनीताईंनी हात मागे घेतला आणि वाट बघितली. खालच्या सतरंजीवर दोन ठिकाणी ओल पसरताना दिसत होती. म्हणजे भोकांतून पाणी येत होतं. म्हणजे अजून तरी येत होतं.

साळूबाईंनी मान वर केली तोच मालिनीताईंनी लॅपटॉप घेतला, बटण दाबून धरून बंद केला आणि तंबूसारखा पालथा करून पंच्यावर ठेवला. झेंडूच्या पाकळ्या सतरंजीवर पडल्या.

"काय झालं?" साळूबाई घाबरल्या. "मी काय केलं का?"

"काही नाही हो मावशी. त्याला जरा वाळू देते."

गुरुजींना मधलं काही दिसलं नव्हतं, पण कडेचं दिसलं होतं, आणि ते पुरेसं होतं. त्यांनी पंच्याची दुसरी घडी साळूबाईंपुढे धरली. "हात पुसा आधी. मग वहीला हात लावा." लाल फडकं सोडलं. पान कितवं ते मघाशीच कळलं होतं. खरी वही, खरं पान साळूबाईंच्या समोर ठेवलं, आणि त्या पुन्हा वाकल्या. गोरक्षनं बापाच्या नोंदीखाली नवी नोंद लिहिली. त्याचंही लिहिणं वर चढत गेलं.

नावं वाचून झाली होती, त्यामुळे श्राद्ध नीट पार पडलं. नंतर मात्र गुरुजी म्हणाले, "आज पुरे," आणि छत्री मिटली.

हर्षलनं पट्टी लावली, पेननं लिहिलं, गंगा. "दोन दिस लागतील. आता काय सांगत नाय."

ते दोन दिवस मालिनीताईंनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. भाजीत मीठ दोनदा, आमटीत नाहीच. हर्षलला फोन करायचा नाही असं ठरवून चार वेळा केला. लॅपटॉप हातात कधी घेतला, पाणी सांडल्यावर किती वेळानं बंद केला, हे त्या मनात पुन्हा पुन्हा मोजत. लगेच ओढून घ्यायला हवा होता का? साळूबाईंचे मिटलेले डोळे आठवत आणि हिशेब चुके. गुरुजी गच्चीवर फेऱ्या मारत होते. बोट अंगठ्यावर फिरत होतं. सर्वपित्रीला तीन दिवस होते.

"तुला ओढून घेता आला असता तो," संध्याकाळी गुरुजी एकदम म्हणाले.

"हो."

"घेतला नाहीस."

"नाही."

गुरुजी थोडा वेळ समोरच्या भिंतीकडे, म्हणजे भिंतीच्या कडेकडे, बघत राहिले. "माझे वडील पाटावर वही ठेवायचे, आणि पाट यजमानापासून दोन हात लांब. मी विचारलं होतं, का. म्हणाले, आधी पुसलेला हात, मग वही. मी हे विसरलोच. वही माझ्या हातात असायची, हात आपोआप करायचे."

तेरसला दुपारी हर्षलचा फोन आला. "चालू झाला. बटणांची वरची वळ गेलीय, आख्खा कीबोर्ड नवा टाकला. बाकी खडखडीत हाय. आन् काकू, आत तीळ निघाले. ठिवू का टाकू?"

"पुडीत बांधून द्या," मालिनीताई म्हणाल्या. "गंगेत सोडते."

चतुर्दशीला संध्याकाळी चुलतभाऊ आला. चहा झाला. तो विषय काढत नव्हता आणि कपही खाली ठेवत नव्हता. शेवटी गुरुजीच म्हणाले, "तुझ्याकडे जादा सतरंजी आहे का रे? उद्या लागेल. आणि लाकडी पाट असला तर तोही."

"म्हणजे दादा, तू..."

"बसतोय मी."

चुलतभावानं कप ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते नीट कळलं नाही, थोडं सुटल्यासारखं, थोडं अडकल्यासारखं. "पाट आहे," तो म्हणाला. "पण एक पाय डुगडुगतो."

"चालेल. लॅपटॉप मजबूत आहे," गुरुजी म्हणाले.

सर्वपित्रीला पहाटे पाचला मालिनीताईंना जाग आली ती दाराच्या आवाजानं. गुरुजी आंघोळ करून, धोतर नेसून, गोधडीची पिशवी खांद्याला लावून उंबऱ्यात उभे होते. शेजारी कोरड्या पंच्यांची चवड, नीट घडी केलेली. त्यांचा एक पाय बाहेर होता.

"चार्जिंग केलंयस ना?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी काल रात्रीपासून तिसऱ्यांदा विचारला होता.

"केलंय."

"पूर्ण?"

"पूर्ण. अहो, उजाडलं तरी आहे का?"

"उजाडेल," गुरुजी म्हणाले. "चल लवकर. आज लांबची गावं येतात."